एकट्यापुरता नाश्ता, एकाच कढईत

तुझा प्रश्न सकाळीच वाचला, पण उत्तर लिहायला दुपार झाली. खानावळीची शेवटची पंगत उठल्याशिवाय मला बूड टेकता येत नाही. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून प्रश्न थोडक्यात सांगते. तू मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरीमुळे चार महिन्यांपासून जुळे सोलापुरात एका खोलीत राहतोस. एक शेगडी, एक कढई, एक पातेलं, छोटा फ्रीज. साडेआठला घर सोडावं लागतं. टपरीवर पोहे नि चहा घेतोस आणि अकराला पोटात कावळे ओरडायला लागतात. महिनाभर ओट्स खाल्ले, आता त्या पाकिटाकडे बघवत नाही. मोबाइलवर पाककृती बघतोस, तर त्या सगळ्या चार माणसांच्या. दहा मिनिटांत, एका भांड्यात, एकट्यासाठी, अंगाला लागेल असं काय करता येईल, असं विचारलंयस.

मी 23 वर्षं खानावळ चालवतेय, विजापूर रोडच्या बाजूला. तुझ्या वयाची पोरं रोज समोर बसून जेवतात, म्हणून ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस.

तू पाककृती मागितलीस, आणि ती देणारच आहे. पण तुझा प्रश्न दोनदा वाचल्यावर मला वाटलं, तू अडतोयस ते मापावर. हे मला माझ्या अनुभवावरून कळतंय. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, पोरं आपापल्या गावाला गेली, खानावळ बंद. आमचे हे लेकीकडे पुण्याला गेले होते, ते तिकडेच अडकले. लग्नानंतर पहिल्यांदाच घरात मी एकटी. साठ माणसांचं उपीट मी डोळे मिटून करते. पण त्या सकाळी माझ्यापुरतं करायला घेतलं आणि नेहमीच्या कढईत पाव वाटी रवा टाकला. तेल कढईभर पसरलं नि फोडणी करपली. पाणी उकळेपर्यंत निम्मं उडून गेलं. रवा वरून कच्चा, तळाला चिकटलेला. दुसऱ्या दिवशी चिडून जास्त केलं, तर तेच रात्री खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी सकाळीही तेच. एकटीचा स्वयंपाक मी वयाच्या 51व्या वर्षी नव्याने शिकले बघ.

तेव्हा लक्षात आलं ते असं. चौघांच्या पाककृतीला चाराने भागलं की मीठ भागलं जातं, तिखट भागलं जातं, पण वाफ भागली जात नाही. पाणी किती उडणार हे भांड्याचं तोंड केवढं आणि आच किती वेळ यावर ठरतं. आत एकाचं अन्न आहे की चौघांचं, याचं वाफेला काही देणंघेणं नसतं. म्हणून चौघांच्या उपिटाला वाटीभर रव्यामागे अडीच वाट्या पाणी पुरतं, आणि एकट्याच्या पाव वाटी रव्याला पाऊण ते एक वाटी लागतं. तेलाचंही तसंच. मोठ्या कढईत चमचाभर तेल म्हणजे नुसता ओलावा, त्यात मोहरी तडतडायच्या आधी जळते. मग आपण तेल वाढवतो आणि ‘हेल्दी’ तिथेच संपतं.

म्हणून आधी भांडं. तुझी कढई केवढी आहे ते लिहिलं नाहीस. तोंडाशी 8 इंच, म्हणजे साधारण 20 सेंटिमीटर, थोडी खोलगट आणि घट्ट झाकण बसणारी असेल तर तीच पुष्कळ झाली. त्याहून मोठी असेल तर दुसरी छोटी घे, एवढा एकच खर्च मी तुला सुचवते. लोखंडी घेतलीस तर उत्तम, फक्त त्यात टोमॅटो-लिंबाचं काही करून तसंच ठेवायचं नाही, काळं पडतं आणि चवही धातूची लागते. झालं की ताटात काढायचं. नॉनस्टिक असेल तर रिकामी तापत ठेवायची नाही. एकाच भांड्याचा तुझा हट्ट मला मनापासून पटला. कारण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे तुला आतापर्यंत कळलं असेलच. खोलीत भरून ठेवलेल्या दोन बादल्या भांडी घासण्यात घालवणं कुणाला परवडणार?

आता अकराच्या कावळ्यांबद्दल. पोह्यांना मी नावं ठेवणार नाही, माझ्याकडेही आठवड्यातून दोनदा असतात. पण टपरीवरची बशी म्हणजे पोहे, तेल आणि वर शेव. प्रथिनं नावापुरती, भाजी म्हणजे कांद्याचे चार तुकडे. त्यामुळे पोट पटकन भरतं नि पटकन रिकामं होतं. माझा हिशोब मुठीचा आहे. एक मूठ धान्य, एक मूठ मोड आलेलं कडधान्य किंवा त्याऐवजी दोन अंडी, एक मूठ भाजी, आणि चमचाभर तेल किंवा शेंगा. शेंगा म्हणजे शेंगदाणे. सोलापुरात शेंगाच म्हणतात, दुकानात गोंधळू नकोस. या मुठीत धान्य एकटंच असेल तर तुला पुन्हा अकराला भूक लागणार, मग ते धान्य कितीही पौष्टिक असो. तुझ्या ओट्सचं तेच झालं असणार, पाण्यात शिजवून खाल्ले असशील नुसते.

काही गोष्टी मात्र तुझ्यावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. अंडं खातोस का, ते लिहिलं नाहीस, म्हणून दोन्ही वाटा सांगते. इंडक्शन असेल तर आच गॅसपेक्षा एकदम चढते, तेव्हा माझं ‘मध्यम’ तुझ्याकडे ‘मंद’ समज. शुगर, रक्तदाब, मूत्रपिंड असं काही दुखणं असेल तर मिठाचं आणि प्रथिनांचं माप डॉक्टरांना विचार, खानावळवालीचं ऐकू नकोस.

आता मुख्य पदार्थ. तू सोलापुरात आहेस, तेव्हा कडक भाकरी वापर की! कोकणात तांदळाची मऊ भाकरी खाल्ली असशील. ही जोंधळ्याची, म्हणजे ज्वारीची. पातळ थापून भाजायची आणि मग मंद आचेवर पूर्ण सुकवायची, पापडासारखी होईपर्यंत. पाण्याचा अंश राहत नाही म्हणून ती आठवडेच्या आठवडे टिकते. एकट्या माणसाला यापेक्षा सोयीचं धान्य नाही. रोज पीठ मळायला नको, शिळ्याची चिंता नको, लागेल तेवढी मोडून घ्यायची, उरलेली डब्यात. शहरात कुठल्याही बऱ्या किराणा दुकानात मिळते. घेताना कोपरा मोडून बघ, टक् असा आवाज आला पाहिजे. वाकली तर दमट आहे, ठेवून दे. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा ‘ज्वारी खा’ म्हणून सगळीकडे सांगत होते. मला हसू यायचं. मंगळवेढ्याचा जोंधळा ज्या गावात येतो तिथल्या लोकांना हे काय सांगायचं?

आपल्याकडची रीत म्हणजे ही भाकरी चुरून वर आमटी ओतायची. सकाळी आमटी कुठून आणणार, म्हणून मी ती फोडणीत आणली.

तयारी आदल्या दिवसापासून. सकाळी मूठभर मटकी भिजत घाल, रात्री निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेव. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड बाहेर आलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत दीड दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी फ्रीजच्या मागे किंवा डब्यात झाकून उबेला ठेवायची. दोन दिवसांची एकदम करून मोड आले की फ्रीजमध्ये टाक, त्याहून जास्त नको. बोटाला चिकट लागली किंवा आंबूस वास आला तर सरळ फेकायची, धुऊन वापरायची नाही. आणि भिजवायला विसरलास, जो तू विसरणारच आहेस, तर मुगाची डाळ. उठल्याबरोबर पाण्यात टाक, अंघोळ आटपेपर्यंत अर्धा तास होतो, तेवढ्यावर ती शिजते.

आता कढई. एक छोटा कांदा चिरून घे, अर्धा टोमॅटो, एक मिरची. कढई मध्यम आचेवर ठेव, एक चमचा तेल घाल, आणि कढई थोडी कलती कर म्हणजे तेल एका बाजूला गोळा होईल. तिथे मोहरी टाक. मोहरी तेलात बुडाली पाहिजे, म्हणूनच कलती करायची. तडतड थांबत आली की जिरं, चार पानं कढीपत्ता, हळद. हळद पडल्या-पडल्या कांदा, नाहीतर हळद करपते. कांदा मिनिट-दीड मिनिट, तांबूस करत बसू नकोस. मग मटकी, अर्धी वाटी पाणी, झाकण, आच कमी. पाच-सहा मिनिटं. या वेळात दाढी कर, कपडे घाल. पूर्ण गाळ व्हायला नको, दाताखाली जरा लागली तर चांगलीच.

टोमॅटो आत्ता, मटकी शिजल्यावर. आधी घातलास तर आंबटपणामुळे कडधान्य मऊ व्हायला वेळ लागतो आणि तू माझ्या नावाने खडे फोडशील. टोमॅटोबरोबर मूठभर पालेभाजी, जी मिळेल ती. मेथी, चाकवत, शेपू. मला अंबाडी आवडते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तिला गोंगुरा म्हणतात. ती घातलीस तर टोमॅटो नको, मुळातच आंबट असते.

आता भाकरी. मध्यम आकाराची एक घे, हाताने मोड. तुकडे रुपयाच्या नाण्याएवढे. इथे बहुतेकजण चुकतात. बारीक चुरा केला की पाणी लागताच लगदा होतो, आणि मोठे तुकडे बाहेरून मऊ, आतून कडकच राहतात. तुकडे कढईत टाकून एकदा परत, फोडणी सगळीकडे लागू दे. मग पाणी ओतायचं नाही, ओंजळीत घेऊन शिंपडायचं. एकदा शिंपडलं की कान दे, सुरुवातीला चर्र आवाज येतो, मग तुकडे पाणी पितात आणि आवाज बसतो. आवाज बसला की पुन्हा शिंपड. असं तीनदा. मग झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं. एक तुकडा बोटात दाबून बघ. कडा मऊ, मध्ये किंचित ताठ, असा लागला की गॅस बंद. ताटात येईपर्यंत तो ताठपणा आपोआप जातो. बोटात पूर्ण मऊ लागेपर्यंत थांबलास तर ताटात खिमट येईल.

अंडं खात असशील तर शेवटचं झाकण ठेवायच्या आधी मधोमध खळगा कर, त्यात अंडं फोड, वर चिमूटभर मिरपूड, मग झाकण. वाफेवर होतं, वेगळं तेल नको. नसशील खात, तर ताटात काढल्यावर वाटीभर दही घे. कढईत घालू नकोस, फाटतं.

मीठ शेवटी आणि नेहमीपेक्षा निम्मं. कारण याच्याबरोबर तू शेंगाची चटणी खाणार आहेस, आणि तिच्यात मीठ भरपूर असतं. सोलापुरात राहून ही चटणी खोलीत नसेल तर उपयोग काय! चांगली चटणी कुटलेली असते, लसूण-तिखटाबरोबर कुटता कुटता शेंगांना तेल सुटतं आणि ती हाताला ओलसर लागते. मिक्सरमधली भुकटी वेगळी दिसते. पाव किलोच्या वर आणू नकोस, आपल्या उन्हाळ्यात शेंगा लवकर खवट होतात. दोन चमचे पुरे.

वर लिंबू पिळ, तेही गॅस बंद केल्यावर. लिंबातलं क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला ते मदत करतं. चहाचं याच्या उलट, जेवणाला लावून घेतला की लोह कमी शोषलं जातं. तेव्हा चहा उठल्याबरोबर घे, नाश्त्यानंतर ऑफिसात तासाभराने दुसरा. मी चहा सोड म्हणणार नाही, सोलापुरात असं बोलून मला राहायचंय इथेच.

प्रथिनांचा अंदाज देते, म्हणजे तुझं समाधान होईल. 30 ग्रॅम मटकीत सुमारे 7 ग्रॅम, अंड्यात 6, भाकरीत 50 ग्रॅम पीठ धरलं तर 5, चटणीतल्या शेंगांतून 2-3. वीसच्या आसपास झालं. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो मटकीतून नि अंड्यातून भरून निघतो. म्हणून यातली मटकी काढून नुसती फोडणीची भाकरी करू नकोस. चव तीच राहील, पण अकराचे कावळे परत येतील.

वेळ दहा मिनिटं म्हणालास. मला बारा लागतात. तुला पहिला आठवडा वीस लागतील, त्या हिशोबाने गजर लाव.

रोज हेच खाऊन कंटाळशील, म्हणून आणखी दोन. एक धिरडं, तुमच्या घावनाचा घाटावरचा भाऊ समज. दोन भाग ज्वारीचं पीठ, एक भाग बेसन, कांदा, कोथिंबीर, किसलेलं गाजर किंवा दुधी, पळीवाढं पीठ. ज्वारीला चिकटपणा नसतो, बेसन नसेल तर उलटताना तुकडे पडतात. तुझ्या छोट्या कढईच्या तळातच होतं, तव्याची गरज नाही. पहिलं बिघडतं, ते माझंही बिघडतं.

दुसरी आंबील, आणि ही खास मार्च ते मे साठी. रत्नागिरीचा उकाडा वेगळा नि हा वेगळा. इथे पारा 42-43 वर जातो आणि सकाळी आठलाच काही गरम खावंसं वाटत नाही. रात्री दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून झाकून बाहेरच ठेव, सकाळी किंचित आंबतं. कढईत दीड वाटी पाणी उकळ, आच कमी कर, आणि ते कालवण एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळ. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलंस तर गुठळ्या होतात, मग त्या फोडत बसावं लागतं. पाच मिनिटांत घट्ट, चकचकीत होते. खाली उतरवून कोमट झाली की त्यात दोन वाट्या ताक, ठेचलेली लसणाची पाकळी, जिरं, मीठ. उठल्यावर पहिलं काम हे केलंस तर निघेपर्यंत थंड होते. पण आंबील हलकी असते, एवढ्यावर दुपार गाठता येत नाही. बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर भाजलेल्या शेंगा-फुटाणे पाहिजेत. अंडी आदल्या रात्रीच उकडून ठेव.

सुशीलाही लोक सुचवतील, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा. चवीला झकास, पाच मिनिटांत होतो, पण तो पोह्यांहूनही हलका. डाळ्याचं कूट नि शेंगा सढळ हाताने घातल्या तरच चालेल. मी रविवारी करते, हौस म्हणून.

आठवड्याची खरेदी फार नाही. चार-पाच कडक भाकऱ्या, पाव किलो मटकी, थोडी मुगाची डाळ, सहा अंडी, चटणी, लिंबं, कांदे. पालेभाजी मात्र एकदम तीन जुड्या आणू नकोस. एकट्या माणसाच्या फ्रीजमध्ये सगळ्यात जास्त तीच सडते. एक जुडी आण, त्याच दिवशी निवडून कागदात गुंडाळ, तीन दिवस पुरते.

कढई घासायचं एक सांगते. ताटात वाढून घेतलंस की कढई गरम असतानाच पेलाभर पाणी ओतून झाकण ठेव. खाऊन होईपर्यंत चिकटलेलं सुटतं, मग एक तांब्या पाणी पुरे. लोखंडी असेल तर पुसून तेलाचं बोट फिरव, नाहीतर संध्याकाळपर्यंत गंज धरते.

शेवटी विचारलंयस की उरलेले ओट्स टाकून देऊ का. टाकू नकोस. धिरड्याच्या पिठात दोन-दोन चमचे घालून संपव, कळणारही नाहीत. नवीन पाकीट मात्र आणू नकोस, आणि कडक भाकरी जमली की कळव.